बतावणी आणि प्रतिकाराची परंपरा : सोंगाड्यापासून लोकनाट्यापर्यंत

तमाशाच्या अभ्यासात लावणी आणि वग यांना जे लक्ष मिळाले ते बतावणीच्या वाट्याला क्वचितच आले. लावणीला कवी असतो, वगाला निदान कथानक असते. बतावणीला बहुधा यांपैकी काहीच नसते. गण आणि गौळण आटोपल्यावर, वग उभा राहण्यापूर्वी, सरदार आणि सोंगाड्या यांच्यात जी गद्य झटापट रंगते ती त्या रात्रीची आणि त्या गावची असते. पाटलाचा तोरा, सावकाराची वही, नव्याने आलेला फौजदार, यांपैकी जे हाती लागेल त्यावर सोंगाड्याची जीभ चालते.

या विनोदाची घडण पाहण्यासारखी आहे. सोंगाड्या हुकूम मोडीत नाही. तो हुकूम अक्षरशः घेतो किंवा मुद्दाम चुकीचा ऐकतो. ‘दरबार भरव’ असे सरदाराने फर्माविले, की ‘कशानं भरू, भुश्यानं का कडब्यानं?’ या धाटणीचा प्रश्न येतो. आज्ञाधारकपणाचा देखावा शाबूत राहतो आणि आज्ञेचे मात्र हसे होते. ज्याला उघड नकार देणे परवडत नाही, त्याने शोधून काढलेली ही नकाराची रीत आहे. शिवाय सरदाराची भाषा बहुधा दरबारी, तर सोंगाड्याची गावरान. त्यामुळे कोणती बोली शहाणी, हा प्रश्नही हसता हसता निकालात निघतो.

तथापि या हास्याचा गौरव करताना सावध असावयास हवे. तमाशा कलावंतांपैकी पुष्कळ जण महार, मांग, कोल्हाटी या जातींतून आले. रात्री राजाला अरेतुरे करणारा कलावंत सकाळी वाड्याच्या बाहेरच उभा राहत असे. गावाने दिलेली ही मुभा फडापुरतीच होती. असे हास्य व्यवस्था हलविते की व्यवस्थेलाच हलके करून पुढे चालू ठेवते, या प्रश्नाचे एकच एक उत्तर संभवत नाही. जलशांचा इतिहास हा एका अर्थी याच प्रश्नाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात विदूषक आहे, आणि तो संस्कृत नाटकातील खादाड ब्राह्मण विदूषक नव्हे. जोशी कुणबी दांपत्याला फसवीत असताना हा विदूषक मध्येच प्रेक्षकांकडे वळून त्या फसवणुकीचा उलगडा करतो. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही, आणि ते छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. पुढे, १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी जे जलसे उभे राहिले, त्यांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवून आतील माणसे बदलली. काही जलशांत गवळणींच्या जागी ब्राह्मण स्त्रिया आल्या. येथे विनोदाचा रोख चुकतो, असे म्हणणे भाग आहे. पुरोहितशाहीवर नेम धरताना मार बसला तो तिच्याच घरातील, स्वतः परवश असलेल्या स्त्रीवर.

आंबेडकरी जलशांनी याहून कठोर निवड केली. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० नंतरच्या दशकात जलसे घेऊन फिरू लागले, तेव्हा शृंगारिक लावणी आणि स्त्रीचा नाच त्यांनी वगळला. प्रश्नोत्तरांचा खटका मात्र ठेवला. आपल्याच माणसांना नाचवून मिळणारी वाहवा नको, पण हसविण्याचा हक्क सोडावयाचा नाही, अशी ही भूमिका दिसते. संवादात अडाणी गावकरी शंका काढतो आणि शिकलेला तरुण ती खोडतो. सोंगाड्या येथे काहीसा सभ्य झाला, हे खरे; क्वचित तो प्रचारकही वाटतो.

अण्णा भाऊ साठे यांनी त्याला पुन्हा खट्याळ केले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या वगांची नावेच पाहावीत : ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’. दुसऱ्या नावात पदवी आणि आडनाव शेजारी बसविण्यापलीकडे काहीही केलेले नाही, आणि तेवढ्यानेच बतावणी घडते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तमाशावर सरकारी निर्बंध आले आणि कलापथकाच्या प्रयोगांवरही बंदी आली, तेव्हा त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले. तमाशाला बंदी असेल तर हा तमाशाच नव्हे! हुकूम अक्षरशः घेण्याची सोंगाड्याची रीत येथे रंगमंचाबाहेर, खुद्द सरकारशी वापरली गेली.

सत्तेची खरी अडचण अशी, की तिला वाचण्यासाठी कागद लागतो. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे रूपक होते. ते लिहिलेले आणि छापलेले असल्याने १९१० मध्ये त्यावर बंदी घालता आली. परिनिरीक्षण मंडळाकडेही संहिता जाते, जीभ जात नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) दादा कोंडके ताज्या राजकारणावर प्रयोगागणिक नवी भर घालीत, ती भर कोणत्याच टेबलावर मंजुरीसाठी आलेली नव्हती.

मात्र ज्या गुणामुळे बतावणी तपासनिसाच्या हातून निसटते, त्याच गुणामुळे ती अभ्यासकाच्याही हातून निसटते. वगांच्या वह्या काही घराण्यांत जपल्या गेल्या. बतावणीचे उरले ते वृद्ध कलावंतांच्या स्मरणात. तेथेही विनोद आठवतो, पण तो कोणत्या गावी, कोणत्या पाटलासमोर, कोणत्या धाडसाने उच्चारला गेला, हे पुष्कळदा विसरलेले असते.