गोवामुक्ती: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रान्सने 1954 मध्ये पाँडिचेरीचा कारभार वाटाघाटींतून भारताकडे सोपवला. गोव्यासाठी मात्र 1961 साली सैन्य पाठवावे लागले. असे का झाले, याविषयी आजही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षे दिल्ली हातावर हात ठेवून बसली.
वस्तुस्थिती: भारताने 1950 मध्येच पोर्तुगालपुढे चर्चेचा प्रस्ताव ठेवला. दाद मिळेना, तेव्हा 1953 मध्ये लिस्बनमधील वकिलात बंद केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर गोव्याची आर्थिक नाकेबंदी आणखी कडक केली. शांततेचा मार्ग नेहरूंनी जाणीवपूर्वक निवडला होता. तो लांबला, ही टीका रास्त आहे. प्रयत्नच झाले नाहीत, हे म्हणणे चुकीचे आहे.

गैरसमज: पोर्तुगालचा नकार हा निव्वळ तिथला हुकूमशहा सालाझारचा हट्ट होता.
वस्तुस्थिती: हट्ट होताच, पण त्यामागे इतिहासही होता. 1510 पासूनची सत्ता पोर्तुगीज राष्ट्राभिमानाचा भाग बनली होती. 1951 मध्ये सालाझारने घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले. गोवा सोडला तर अंगोला आणि मोझांबिकवरचा दावाही डळमळेल, ही धास्ती होती.

गैरसमज: पोर्तुगाल नाटोचा सदस्य असल्याने नाटो मदतीला धावून येणार होती.
वस्तुस्थिती: संरक्षणाची हमी ज्या प्रदेशाला होती त्यात गोवा नव्हता. लढाई झाली ती सुरक्षा परिषदेत. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला 11 पैकी 7 मते मिळाली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो फेटाळला गेला.

गैरसमज: 19 डिसेंबर 1961 ला प्रश्न संपला.
वस्तुस्थिती: गोवा त्या दिवशी मुक्त झाला, पण लिस्बनने ते मान्य केले नाही. शेवटपर्यंत लढण्याचा आदेश असतानाही गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी निष्फळ रक्तपात टाळून शरणागती पत्करली. सालाझारच्या राजवटीने त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. एप्रिल 1974 च्या क्रांतीत हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

इतिहास बदलला नव्हता, नकाशाही तोच होता. बदलले होते ते राज्यकर्ते. म्हणून एखाद्या देशाचे परराष्ट्र धोरण समजून घ्यायचे तर त्याचा भूतकाळ वाचावाच, पण त्याचा कोणता अर्थ सत्ताधाऱ्यांनी उराशी धरला आहे, हेही तपासावे.