चालकाचा पाय आणि इंधनाचा हिशेब

दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारा मथुरा रस्ता बदरपूरची सीमा ओलांडून फरीदाबादेत शिरतो. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी येथे नवी औद्योगिक वसाहत उभारण्यात आली आणि पुढे हे शहर ट्रॅक्टर व यंत्रसामग्री यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्धीस आले. सायंकाळी कारखाने व कचेऱ्या सुटल्या म्हणजे ह्या रस्त्यावर वाहनांची जी रीघ लागते, तिच्यात एकाच कारखान्यात बनलेल्या, एकाच वयाच्या व एकाच बनावटीच्या दोन मोटारगाड्या शेजारी शेजारी चाललेल्या आहेत अशी कल्पना करू. दोघींची टाकी एकाच पंपावर भरलेली आहे. तरीही महिन्याच्या अखेरीस एका गाडीचा मालक समाधानी असतो, तर दुसऱ्याची तक्रार असते की गाडी पेट्रोल फार पिते. यंत्रात काही दोष नसेल, रस्ता तोच असेल आणि ओझेही तेवढेच असेल, तर हा भेद कोठून येतो?

ह्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी चालकाच्या उजव्या पायात सापडते. तो पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबला जातो ह्याहूनही तो ब्रेकवर किती वेळा जातो, ह्यावर पेट्रोलचा खर्च अधिक अवलंबून असतो. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, कारण ब्रेक दाबताना पेट्रोल जळत नाही. तेव्हा थोडा हिशेब करून पाहणे इष्ट होय.

एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हिच्यातील फार मोठा भाग तप्त धुराबरोबर व एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो आणि काही भाग यंत्राच्या अंतर्गत घर्षणात खर्ची पडतो. शहरातील वाहतुकीत पाचवा भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे सोयीसाठी धरू. म्हणजे लिटरमागे ६४ लक्ष ज्यूल एवढेच काय ते आपल्या हाती उरले. हे भांडवल कशावर खर्च करावयाचे, हे चालक ठरवितो.

चाकांना मिळालेली ऊर्जा सपाट रस्त्यावर तीन कामी लागते. टायर रस्त्यावरून फिरताना सतत दबतात व पुन्हा पूर्ववत होतात, त्यात काही ऊर्जा जाते. समोरची हवा बाजूस सारण्यात काही जाते. उरलेली गाडीचा वेग वाढविण्यात जाते. पहिल्या दोन कामांची ऊर्जा अंतर कापण्याचे मोल म्हणून द्यावीच लागते. तिसऱ्या कामाची ऊर्जा मात्र नष्ट झालेली नसते. ती गाडीच्या गतीत साठून राहते आणि म्हणूनच तिला गतिज ऊर्जा म्हणतात. तिचा पुढे सदुपयोग करता येतो किंवा ती उधळूनही देता येते.

प्रवाशांसह १,००० किलोग्रॅम वजनाची एक लहान मोटारगाडी घ्या. ती ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी सुमारे १ लक्ष ३९ हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. आता पुढील चौकातील तांबडा दिवा पाहून चालकाने करकचून ब्रेक दाबला, तर ही सारी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होते आणि वाऱ्यावर जाते. तेवढी ऊर्जा चाकांना पुन्हा पुरविण्यासाठी सुमारे २२ मिलिलिटर पेट्रोल लागते. असे ४६ वेळा घडले की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापविण्यात गेले! दुसऱ्या मापाने पाहू. हीच गाडी ताशी ५० किलोमीटर ह्या स्थिर वेगाने चालविली तर टायर व हवा यांचा रोध मोडून काढण्यास प्रत्येक किलोमीटरला साधारण २ लक्ष ज्यूल लागतात. म्हणजे ताशी ६० वरून एकदा केलेला कडकडीत थांबा सुमारे ७०० मीटरच्या प्रवासाइतका महाग पडतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून दोन चौकांमधील रिकाम्या जागेत भरधाव जाऊन पुढच्या चौकात थांबणारा चालक सर्वांत अधिक दंड भरतो.

काटकसरी चालकाचे कौशल्य ते हेच. तो पुढे पाहून गाडी चालवितो. दिवा तांबडा झालेला दुरून दिसताच तो ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि गाडीने साठविलेली ऊर्जा टायर व हवा यांच्या रोधावर खर्च होऊ देतो, म्हणजेच तिच्याकडून अंतर कापून घेतो. कित्येकदा चौक येईपर्यंत दिवा हिरवा होतो आणि गाडी न थांबताच पुढे जाते. पुढील वाहनापासून तो पुरेसे अंतर राखतो. त्यामुळे त्याला दर क्षणी ब्रेक लावण्याचा प्रसंग येत नाही, आणि अपघाताचा धोकाही कमी होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली म्हणजे पेट्रोल वाचते, अशी जुनी समजूत अद्याप प्रचलित आहे. कार्ब्युरेटरच्या काळी तिला थोडाबहुत आधार होता. आजच्या गाड्यांत इंधन मोजून फवारणारी विद्युत्-नियंत्रित यंत्रणा असते. गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच एंजिनाला फिरवितात आणि ही यंत्रणा इंधनाचा पुरवठा बहुधा पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते व त्यासाठी पेट्रोल जळत राहते. शिवाय एंजिनाचा अटकाव नाहीसा झाल्याने सगळा भार ब्रेकवर पडतो. बोरघाटासारख्या लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याचे संकट त्यातूनच ओढवते. न्यूट्रलमध्ये उतरण्याने पेट्रोल वाचत नाहीच, उलट प्राणांशी मात्र गाठ पडू शकते.

गियरसंबंधीही तारतम्य हवे. कमी गियरमध्ये एंजिन वेगाने फिरते व त्याच्या अंतर्गत घर्षणात अधिक ऊर्जा जाते. म्हणून गाडी माफक जोराने पुढे नेऊन लवकरच वरचा गियर घ्यावा. गोगलगायीच्या गतीने वेग वाढवीत दुसऱ्या गियरमध्ये दूरवर जाणे काटकसरीचे नव्हे. तसेच एंजिन धापा टाकू लागेपर्यंत वरचा गियर धरून ठेवणेही हितावह नाही.

मोकळ्या महामार्गावर ब्रेकचे महत्त्व घटते आणि हवेचे वाढते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० वरून ८० किलोमीटरवर गेले असता हा रोध अडीचपटीहून अधिक होतो. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने भारतीय गाड्यांवर घेतलेल्या चाचण्यांचा दाखला देऊन पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ सांगत आला आहे की, ताशी ८० किलोमीटरऐवजी ४५ ते ५५ च्या दरम्यान गाडी चालविल्यास तेवढ्याच इंधनात ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापता येते. अर्थात वेळेचेही मोल आहे. १०० किलोमीटरचा पल्ला ताशी ८० ने सव्वा तासात व ताशी ६० ने एक तास चाळीस मिनिटांत पुरा होतो. हा सौदा प्रत्येकाने आपल्या निकडीप्रमाणे करावा. शहरात मात्र असा सौदा क्वचितच असतो. तेथे पोहोचण्याची वेळ चौक ठरवितात. दोन चौकांत केलेली धावपळ पुढल्या दिव्यापाशी व्यर्थ ठरते.

उभ्या गाडीचा खर्च निराळाच. लहान पेट्रोल गाडीचे एंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला सुमारे अर्धा लिटर इंधन जाते आणि अंतर मात्र शून्य कापले जाते. ह्याच मथुरा रस्त्यावर दिल्लीच्या हद्दीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आहे. दिल्लीच्या चौकांत थांबलेली वाहने किती इंधन वाया घालवितात, ह्याचा अभ्यास ह्या संस्थेने केला आहे. तांबडा दिवा लागताच एंजिन बंद करा, असे आवाहन करणारी मोहीम दिल्ली शासनाने २०२० मध्ये काढली. थांबा अर्ध्या मिनिटाहून लांबणार हे उघड दिसत असेल तर एंजिन बंद करणे निश्चित लाभाचे असते. पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन काही सेकंदांच्या निष्फळ फिरण्याइतकेच असते.

कोणी म्हणेल की हे काम चालकाने का करावे? शास्त्रज्ञांनी अधिक चांगले एंजिन द्यावे. शास्त्रज्ञ ते करीतच आहेत. फरीदाबादेतच १९७२ मध्ये स्थापन झालेले इंडियन ऑइलचे संशोधन व विकास केंद्र आहे; इंधने व वंगणतेले एंजिनांत घालून तेथे कसोटीस लावली जातात. उत्तम वंगणाने घर्षण घटून खर्च शेकडा काही थोड्या भागांनी कमी होतो. परंतु अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार आक्रमक पद्धतीने गाडी हाकल्यास महामार्गावर लिटरमागे मिळणारे अंतर साधारण १५ ते ३० टक्क्यांनी, तर थांबत थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्क्यांनी घटू शकते. प्रयोगशाळेत मिळविलेले दोन टक्के एका उतावळ्या पायाने दिवसभरात अनेकदा उधळले जातात.

विक्रेत्याने सांगितलेला इंधनाचा आकडा आणि प्रत्यक्षातील आकडा यांत तफावत पडते, तिचेही एक कारण येथे आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून, केव्हा किती वेग ठेवावयाचा हे सेकंदासेकंदाने ठरवून दिलेल्या क्रमाने चालविली जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एकूण कालावधी सुमारे २० मिनिटे. तेथे कोणी अवचित आडवे येत नाही, कोणी मागून भोंगा वाजवीत नाही. तो आकडा गाडीची योग्यता सांगतो, चालकाची नव्हे.

फरीदाबादच्या रस्त्यावर ह्या साऱ्या विवेचनाचे एक चालते-बोलते उदाहरण पाहावयास मिळते. २०१५ मध्ये येथवर आलेली दिल्ली मेट्रो मथुरा रस्त्याच्या कडेने उंच खांबांवरून धावते. स्थानक आले की तिच्या मोटारी जनित्राचे काम करू लागतात आणि गतिज ऊर्जेचा काही भाग वीज होऊन तारेत परत जातो. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्याही थोड्याफार प्रमाणात असेच करतात. खालच्या पेट्रोल गाडीला ही सोय नाही. तिच्यात ऊर्जा परत मिळविणारे एकच साधन आहे, ते म्हणजे चालकाची दूरदृष्टी.

ह्या दूरदृष्टीचे मोल केवढे? एखाद्या जिल्ह्याच्या गावी भाड्याची गाडी चालविणारा चालक दिवसाला १५० किलोमीटर फिरतो व त्याला १० लिटर पेट्रोल लागते असे समजा. खर्च १५ टक्क्यांनी घटला, तर दररोज दीड लिटर आणि वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ४५० लिटर पेट्रोल वाचते. घरातल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यातून निघू शकतो. प्रत्येक लिटर जळताना सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका चालकामागे वर्षाला एक टनाहून अधिक वायू टळतो. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक भाग परदेशांतून येतो, आणि हिवाळ्यात दिल्ली-फरीदाबाद परिसरातील हवा श्वास घेण्यास अयोग्य होते, हे लक्षात घेता हा लाभ चालकाच्या खिशापुरताच राहत नाही.

ह्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावयास नको की शासनाच्या आज्ञेची वाट पाहावयास नको. टायरमध्ये योग्य दाबाची हवा असावी, टपावर विनाकारण ओझे नसावे आणि दृष्टी पुढील चौकापर्यंत पोहोचावी. मग ब्रेक हा गाडी थांबविण्यासाठी आहे, आधी केलेली घाई पुसून टाकण्यासाठी नव्हे, हे पायाला आपोआप समजू लागते.