बाभळीचे दरवाजे उघडतात तेव्हा

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. दरवर्षी १ जुलैला केंद्रीय जल आयोगाचे आणि महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांचे अधिकारी तिथे जमतात आणि त्यांच्या देखरेखीखाली बंधाऱ्याचे चौदाही दरवाजे वर उचलले जातात. पाणी अडवायला बांधलेला बंधारा नदीला पाणी येण्याच्या ऐन दिवसांत सताड उघडा! २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे खाली घ्यायचे नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल आहे. बंधाऱ्याची साठवण २.७४ टीएमसी. दरवाजे पडतात तोवर परतीचा पाऊसही सरत आलेला असतो. मग वरून येईल तेवढं पाणी धरायचं आणि १ मार्चला त्यातलं ०.६ टीएमसी खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणासाठी सोडायचं.

निकालाच्या बाजूने सांगण्यासारखंही बरंच आहे. खाली निजामाबादकडच्या शेतकऱ्याचं पोट याच पाण्यावर आहे आणि बाभळीचा बंधारा पोचमपाडच्या फुगवट्यातच उभा आहे. माझं कुतूहल वेगळं आहे. ज्याच्या शेताला लागून ही नदी भरून वाहते आणि ज्याला ती अडवता येत नाही, त्याच्या मनात काय होतं? पाणी कमी असणं आणि असलेलं पाणी आपल्या हातात नसणं, यांतलं मनाला जास्त काय लागतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायची सुरुवात १९६७ मध्ये अमेरिकेत झाली. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मेयर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या दोघांना विजेचा सारखाच झटका बसायचा, एकाच क्षणी सुरू व्हायचा, एकाच क्षणी थांबायचा. फरक एकच होता. पहिल्याने डोक्याने बाजूची फळी दाबली की झटका दोघांचाही बंद व्हायचा. दुसऱ्याने भुंकलं, धडपड केली, काहीही केलं तरी काही बदलायचं नाही. वेदनेचं माप दोघांच्या वाट्याला तंतोतंत सारखं होतं. पुढे दोघांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका आडोसा ओलांडला की सुटका होती. पहिला कुत्रा उडी मारून पार व्हायचा. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे थोडे धडपडले आणि मग तिथेच आडवे पडून कण्हत राहिले. प्रयोग क्रूर होता, आज तसा कुणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट कायमची कळली: जीव मोडतो तो त्रासाच्या मापाने नव्हे. आपण केलेलं आणि पुढे घडलेलं यांतला धागा तुटला की तो मोडतो.

यापुढची गोष्ट मला अधिक थक्क करते. जवळजवळ पन्नास वर्षं सगळे समजत होते की हतबलता शिकली जाते. २०१६ मध्ये याच दोघांनी, मेयर यांनी उंदरांच्या मेंदूवर केलेलं दीर्घ काम समोर ठेवून, आपलाच सिद्धान्त उलटा केला. मेंदूच्या देठात डोर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका आहे. त्रास लांबला की तो आपसूक जागा होतो आणि जिवाला गप्प बसवतो. हे शिकावं लागत नाही. शिकावी लागते ती उमेद! कपाळामागचा एक भाग 'मी अमुक केलं आणि त्रास थांबला' एवढं ओळखतो आणि राफेला आवरतो. हा अनुभव एकदा पदरी पडला की पुढच्या संकटात, जिथे खरोखर काहीच हातात नसतं तिथेही, तो काही काळ जिवाला तारून नेतो. म्हणजे खचलेला माणूस आळशी नसतो की दुबळा नसतो. त्याचा मेंदू मूळपदावर गेलेला असतो.

आता धर्माबादकडे परत येऊ. नदीशी नातं तुटलं तरी कष्टाचा मोबदला बाजारात मिळाला असता तर धागा शाबूत राहिला असता. धर्माबादची ओळख लाल मिरचीच्या बाजारपेठेची, पण या भागात खरिपाचं मोठं क्षेत्र सोयाबीनचं. अडतीवर माल उतरतो, कुणीतरी पोत्यातून मूठभर दाणे काढून ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि सगळ्यांचे डोळे त्या छोट्या आकड्यावर खिळतात. बारापर्यंत आकडा असला तर ठीक. काढणीच्या दिवसांत पाऊस पडून तो चौदा-पंधरावर गेला की भाव उतरतो. पेरणी, कोळपणी, फवारणी, काढणी, मळणी अशा चार महिन्यांच्या घामाचा निकाल काही सेकंदांत लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आगेमागे दर फिरत होता. ब्राझीलचं पीक, इंडोनेशियाचं पामतेल, दिल्लीचं आयात धोरण यांवर हा भाव ठरतो. पीक चांगलं आलं तरी पैसा होईलच असं नाही आणि बुडालं तर बुडालंच. फळी दाबून जो झटका थांबत नाही, तो हाच.

भावासारखंच हवामानही हातात नसतं. २०१७ मध्ये टॅमा कार्लटन या संशोधिकेने भारतातल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या. पिकाच्या हंगामात, वीस अंशांच्या वर, एका दिवसाचं तापमान एका अंशाने वाढलं तर देशात सरासरी सुमारे सत्तर आत्महत्या वाढतात, असं तिला दिसलं. पण हंगामाबाहेर तेवढीच उष्णता वाढली तर हा परिणाम दिसत नाही. उन्हाळ्यातलं ऊन माणूस सोसतो. पीक उभं असतानाचं ऊन त्याच्या आशेवर पडतं. मराठवाड्यात अलीकडच्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांचा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास राहिला आहे. हवामानाचं जागतिक संकट एखाद्या घरात कोणत्या दारातून शिरतं, हे मला या अभ्यासाने दाखवलं.

संकट घरात शिरल्यावर माणसाच्या दिवसाचं काय होतं, याचं सर्वांत बारीक चित्र व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावातलं आहे. १९२९ च्या मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे जाऊन निरीक्षणं केली आणि १९३३ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. माणसांकडे आता वेळच वेळ होता. वाचनालयाने वर्गणीही माफ केली. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी घड्याळ लावून रस्त्यावरची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते, मध्येच विनाकारण थांबत होते. सकाळी काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता येत नव्हतं. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण चूल, पाणी, लेकरं यांतून त्यांची सुटका झालीच नव्हती. तो भार गोड मानायचं कारण नाही. पण 'माझ्यावाचून अडेल' ही जाणीव माणसाच्या पायात असते, हे तिथे सेकंदांत मोजलं गेलं. आपल्याकडे दुपारी पारावर बसलेला, 'काही करूच वाटंना' म्हणणारा माणूस पाहिला की मला मारिएंथालचा रस्ता आठवतो.

यात आणखी एक काटा असतो, शेजाऱ्याचा. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या सुमारे चाळीस गावांतून 'आम्हाला तेलंगणात घ्या' अशी मागणी उठली. त्याच वर्षी सीमेपलीकडे शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली होती आणि रयतु बंधू योजनेत हंगामाला एकरी चार हजार रुपये मिळू लागले होते. १९५६ पर्यंत हे सगळं एकच हैदराबाद राज्य होतं. रोटीबेटीचा व्यवहार आजही आहे. पाहुण्याच्या बांधावर मोटार चालू आणि आपल्या बांधावर वीज गेलेली, हे रोज डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास करताना सॅम्युअल स्टाउफर यांनाही असंच आढळलं होतं: जिथे बढत्या भरपूर मिळायच्या त्या हवाई दलातच बढतीबद्दल तक्रारी जास्त होत्या. माणूस आपलं दुःख शेजाऱ्याच्या मापाने मोजतो. धर्माबादच्या त्या मागणीला फुटीर म्हणून हिणवणाऱ्यांना मन कसं चालतं ते ठाऊक नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती माणसं आडोशावरून उडी मारायचा प्रयत्न करत होती. म्हणजे त्यांची उमेद अजून जिवंत होती.

हातात काही नसण्याचं हेच दुखणं जगातही मोठ्या प्रमाणावर दिसतं. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांना हवामान बदलाविषयी विचारलं, तेव्हा चारांतल्या तिघांना भविष्य भीतीदायक वाटत होतं. सरकारं काही करत नाहीत, आपल्याला फसवतात, या भावनेशी ही चिंता जोडलेली होती. संकट जागतिक झालं की फळी फार दूर जाते. दाबायची कुणी आणि कुठे, हेच कळत नाही.

मग उपाय? तो आश्चर्य वाटावं इतका साधा निघाला. गोव्यात 'संगाथ' संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांकडे पाठवलं. सहा ते आठ भेटींत दुःखाची चिरफाड फारशी नाही. आज कोणतं एक छोटं काम करता येईल ते ठरवायचं, करायचं आणि पुढच्या भेटीत सांगायचं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या निकालात तीन महिन्यांनी यांतले ६४ टक्के सावरले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' उपक्रमाने हाच धागा धरला. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. औषधं लागतात तिथे लागतातच. पण हातून एखादी गोष्ट पुरी होणं हाही मेंदूवरचा खरा इलाज आहे.

आपल्या गावांना हे पुस्तकाशिवाय थोडंफार ठाऊक होतं, असं मला वाटतं. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारे वाटून देतात. रात्री तीनच्या पहाऱ्याला ज्याचं नाव असतं, त्याचं पीक गेलेलं असो की कर्ज थकलेलं, त्याला उठून जावंच लागतं. कारण आधीचा माणूस वीणा हातात घेऊन त्याची वाट पाहत उभा असतो. यावर कुणी शास्त्रीय अभ्यास केलेला माझ्या वाचनात नाही. पण जो कार्यक्रम प्रत्येकाला एक नेमकं काम देतो, तो टिकवण्यासारखा आहे. अर्थात सप्ताहाने सोयाबीनला भाव मिळत नाही. हमीभावाने खरेदी वेळेवर सुरू करणं, विम्याचे पैसे वेळेत देणं, बाभळीच्या तारखांवर दोन्ही राज्यांनी पुन्हा बसून बोलणं ही सरकारची कामं आहेत. समुपदेशनाने ती टळू नयेत.

तुमच्या घरात, गल्लीत, शेजारच्या शेतात कुणी बोलेनासा झाला असेल, जेवण सोडलं असेल, 'आता काय उपयोग' असं वारंवार म्हणत असेल, तर उपदेश करू नका. त्याच्यासोबत बसा, जमेल असं एक काम त्याच्यासोबत करा आणि १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक लावून द्या. हा क्रमांक केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो चोवीस तास चालतो, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.