टाइट एंड कसा पारखतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंड हा दोन कामांचा गडी. एका चालीत तो धिप्पाड बचावपटूला अडवतो, पुढच्याच चालीत मैदानात धावत जाऊन पास झेलतो. कॉलेजच्या आकड्यांत त्याचं निम्मंच काम दिसतं, आणि नेमके इथेच निवडकर्ते चकतात.

जॉर्ज किटलचंच पाहा. आयोवा विद्यापीठाचा संघ चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारा. त्यामुळे तिथल्या सगळ्या कारकिर्दीत त्याच्या वाट्याला जेमतेम 48 झेल आले. ड्राफ्टआधीच्या इंडियानापोलिसच्या चाचणीत 40 यार्ड त्याने 4.52 सेकंदांत कापले, तरी 2017च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, सॅन फ्रान्सिस्कोने त्याला घेतलं ते पाचव्या फेरीत, 146व्या क्रमांकावर. व्यावसायिक कारकिर्दीच्या दुसऱ्याच मोसमात त्याने पास झेलून 1,377 यार्ड मिळवले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

म्हणून अडवण्याचं काम पारखायला चित्रफीत पाहताना चेंडूवरची नजर काढावी. चाल सुरू होताच टाइट एंडचं पहिलं पाऊल कुठे पडतं? हात समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूने बसतात की खांद्यावरून घसरतात? धडकेनंतर पाय चालूच राहतात का? मला यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं. उंची-वजन तर कागदावरही कळतं.

उलट उदाहरणही आहे. जॉर्जियाच्या ब्रॉक बावर्सची गुणवत्ता कॉलेजातच लख्ख दिसत होती. 2024मध्ये तो 13वा निवडला गेला आणि पदार्पणाच्याच मोसमात त्याने 112 झेल घेतले.