डिस्कच्या कडेवरचा आकडा

एप्रिल महिना. अकरा वाजून गेलेत आणि नाना पेठेत ऊन थेट डोक्यावर आलंय. दुचाक्या तिरक्या लावलेल्या. त्यांच्यामधून एक हातगाडी वाट काढते आहे. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा थांबलाय. त्यातून खोकी उतरताहेत, हातोहात, ओळीने. मागे हॉर्नचा नुसता गलका. उतरवणारी पोरं मान वर करत नाहीत.

पुण्यात जुन्या गाडीचा सुटा भाग हवा असला की माणूस इकडे वळतो. दुकानांच्या दारांत टायर, आरसे, सायलेन्सर, सीट कव्हरं टांगलेली आहेत. रबराचा, ग्रीसचा आणि नव्या पुठ्ठ्याचा मिळून एक जड वास येतो. ब्रेकचा माल ठेवणारं दुकान जरा आत आहे. रुंदी दहा फूट, खोली मात्र एखाद्या वाड्याएवढी. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांवर मार्करने लिहिलेली गाड्यांची नावं: झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, पालिओ. यातल्या कितीतरी गाड्या बनायच्या बंद होऊन वर्षं लोटली. फळीवर त्या अजून चालू आहेत.

इथे रांग अशी नसते. काउंटरवर कोपर टेकायला जागा मिळाली की तुमचा नंबर आला. पंखा शेठच्या डोक्यावर फिरतो. गिऱ्हाइकापर्यंत त्याचा फक्त आवाज येतो.

माझ्या पुढे एक बाई उभ्या आहेत. चाळिशीच्या पुढच्या. सोबत गॅरेजमधला पोऱ्या, त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. तो ते काउंटरवर ठेवतो. धप्प. कागद उलगडतो. आत ब्रेकची डिस्क.

“गाडी कुठली, ताई?”

“सेडान आहे, दोन हजार सातची. वडिलांची होती.” त्या फोनवर आरसी बुकाचा फोटो दाखवतात. “ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. ऐंशीच्या वर तर फारच.”

शेठ फोटोतला चासी नंबर एका चिठ्ठीवर उतरवून घेतो. हे मला आवडतं. एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदललं की डिस्कचा व्यास बदलतो, कॅलिपर बदलतो, आणि पॅडचा कान दोन मिलिमीटरने इकडेतिकडे होतो. नावावरून दिलेला माल दुपारी परत येतो. नंबरावरून दिलेला सहसा येत नाही.

मग तो डिस्क उचलतो. अंगठ्याचं नख बाहेरच्या कडेवरून आत ओढतो. नख अडकतं. पॅड जिथे घासत नाही तिथे लोखंड मूळ उंचीचं राहिलंय, गंजून त्याचा काठ झालाय. तारेच्या ब्रशने तो डिस्कची कड घासतो. काजळी निघते आणि खाली कोरलेली अक्षरं दिसू लागतात. किमान जाडी: १८ मिलिमीटर. ही डिस्क नवी असताना २० ची होती. म्हणजे सगळं आयुष्य दोन मिलिमीटरचं, दोन्ही बाजू मिळून.

“व्हर्नियरने मोजली आम्ही,” पोऱ्या म्हणतो. “एकोणीस भरली. लेथवर मारून घेऊ म्हणतात उस्ताद.”

शेठ मान हलवतो. व्हर्नियरचे जबडे त्या गंजक्या काठावर टेकतात, तो समजावतो, म्हणून जाडी जास्त दिसते. तो खणातून मायक्रोमीटर काढतो, काठापासून बोटभर आत लावतो, हलकेच फिरवतो. डिस्क वळवून पुन्हा. पुन्हा. सगळ्यात कमी भरते ती जागा १८.३.

आता लेथवर घातली तर सपाट होईल, गुळगुळीत होईल आणि आकड्याच्या खाली जाईल. पातळ डिस्क उष्णता कमी धरते, लवकर तापते, आणि फार तापली तर तडा जायची भीती. माल खपावा म्हणून शेठ हे सांगत नाहीये. मघाशी एका इंडिकावाल्याची डिस्क त्याने मोजली आणि ‘अजून चालेल, नुसते पॅड घ्या’ म्हणून परत पाठवली.

माळ्यावरून हाक जाते. शिडीवरचा पोरगा एकामागून एक खोकी खाली सोडतो. काउंटरवर पॅडच्या तीन जोड्या मांडल्या जातात. भाव आठशेपासून दोन हजारांपर्यंत. एक गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातली. दुसरी नावाजलेल्या ब्रेक बनवणाऱ्याची. तिसऱ्या खोक्यावर नुसतं एक लाल चित्र.

बाई अर्थातच विचारतात, “फरक काय?”

शेठ पॅड उलटे करतो. पाठीच्या लोखंडी पत्र्यावर बारीक छापलेल्या ओळीत दोन अक्षरं आहेत: एफएफ. पहिलं अक्षर पॅड थंड असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. ई म्हणजे त्याखालचा, ०.२५ ते ०.३५. दोन्ही अक्षरं सारखी असली तर पॅड तापल्यावरही आपला गट सोडत नाही. लाल चित्राच्या खोक्यातल्या पॅडवर अक्षरंच नाहीत. नंबर नाही, बॅच नाही. पत्रा आणि मसाला जिथे चिकटवलाय तिथली कड ओबडधोबड आहे.

बाईंचा हात त्या स्वस्त खोक्याकडे जाता जाता थांबतो, आणि मला बरं वाटतं. पॅडच्या किमतीवरची घासाघीस मला बघवत नाही. टनभराची गाडी तीनशे मीटरचा घाट उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिने नऊ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी इंजिन अडवतं. बाकी सगळी या तळहाताएवढ्या तुकड्यांनी आणि त्या डिस्कने पचवायची. त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा, कारण ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो.

“भोकवाली डिस्क आहे का?” मागून एक तरुण विचारतो. जुन्या स्विफ्टची किल्ली बोटावर फिरवतोय. त्याला चकचकीत, छिद्रं पाडलेली डिस्क हवी आहे. शेठ भिंतीवर लावलेली एक दाखवतो, पण काढून देत नाही. पॅड तापून वायू सुटायचा, तो निघून जावा म्हणून शर्यतीच्या गाड्यांत ही छिद्रं आली. आजच्या पॅडांना तेवढी गरज नाही. आणि तडा जायचा तर तो बहुधा छिद्रापासूनच सुरू होतो. “शहरात चालवतोस ना? मग साधी घे, चांगल्या बिडाची.” तरुण हिरमुसतो. तरी जात नाही.

बाई मधली जोडी घेतात. डिस्क दोन, कारण एक बाजू नवी आणि दुसरी जुनी ठेवली तर गाडी एकीकडे ओढायची. डिस्क नव्या म्हणून पॅडही नवे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात. पक्कं बिल होतं. खोक्यावरचा होलोग्राम नकली छापता येतो, पण बिलावर दुकानदाराचं नाव असतं.

भवानी पेठेच्या बाजूला चालत दहा मिनिटांवर गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, खाली आणखी ऊन. गाडीचं पुढचं चाक काढलेलं. उस्ताद कॅलिपर तारेने वर टांगतात, ब्रेकच्या नळीवर भार येऊ नये म्हणून. मग डिस्क जिथे टेकते ते हबचं तोंड एमरी पेपरने घासायला घेतात. बराच वेळ घासतात. तांबडी भुकटी खाली पडत राहते.

बाई घड्याळ बघतात. मला मात्र हाच भाग नीट बघावासा वाटतो, कारण थरथरीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. प्रत्यक्षात हब आणि डिस्कच्या मधे गंजाची एखादी खपली राहते, डिस्क केसभर तिरकी बसते, एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. दर फेऱ्याला तीच जागा पॅडला घासते. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते आणि पायाखाली पेडल धडधडू लागतं. हब न घासता नवी डिस्क चढवली तर काही महिन्यांत पुन्हा हीच तक्रार.

नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं. पोऱ्या ते क्लीनरने पुसून काढतो. फडकं काळं झालं की दुसरं घेतो. कॅलिपरच्या पिना बाहेर येतात. एक सहज निघते. दुसरी पकडीने ओढावी लागते.

“हे बघा,” उस्ताद बाईंना बोलावतात. आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्मा उरलाय. पिन अडकली की एकच पॅड राबतो. ते पिना साफ करतात, सिलिकॉनचं ग्रीस लावतात. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

ब्रेक ऑइलची बाटली उघडते. जुनं तेल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरतं, चहाच्या रंगाचं. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल किमान २०५ अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की बुडबुडे, आणि मग पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही.

चाक चढतं. नट टॉर्क रेंचने, आडवे-तिरपे, एक सोडून समोरचा. टिक. टिक. उस्ताद गाडीत बसतात आणि आधी जागेवरच पेडल दाबतात. पहिल्यांदा खाली जातं. पुन्हा दाबतात, पुन्हा. पिस्टन पॅडला टेकतात, पेडल टणक होतं. मग कुठे गाडी बाहेर निघते. एक चक्कर मारून परत येते.

“रविवारी महाबळेश्वरला जायचंय,” बाई पैसे देताना सांगतात.

“या रविवारी नको.” उस्ताद हात पुसत म्हणतात. “आधी दोन-तीनशे किलोमीटर गावातच चालवा. लांबून, हलका ब्रेक मारा. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे. आत्ताच पसरणीच्या घाटात तापवलेत तर डिस्कवर डाग पडतील आणि हे सगळं पुन्हा.”

“आणि कळणार कसं, बसला म्हणून?”

“डिस्क बघा. सगळीकडे एकसारखी राखाडी दिसली, पेडल थरथरत नसलं, की एकदा इकडे आणा. नट तपासतो, तेलाची पातळी बघतो. मग जा.”

बाई फोन काढतात. पलीकडे कोणी तरी उचलतं. “अगं, या रविवारचं बुकिंग पुढे ढकल,” त्या म्हणतात. “पंधरा दिवसांनी जाऊ.”