नव्वद किलोमीटरची धाव आणि मध्यम मार्ग

मॅरेथॉन हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत म्हणजे मॅरेथॉन. यापेक्षा अधिक अंतराच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. अशा शर्यतीत धावणारे बहुतेक लोक नामवंत खेळाडू नसतात. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार असतात. नोकरी व संसार सांभाळून, पहाटेच्या वेळी सराव करून ते पन्नास, नव्वद, शंभर किलोमीटर धावण्याची तयारी करतात. ही तयारी कशी होते, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. धम्माच्या व समाजकार्याच्या स्मरणिकेत धावण्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

उदाहरण म्हणून आम्ही दक्षिण आफ्रिकेतील 'कॉम्रेड्स मॅरेथॉन' ही शर्यत घेतली आहे. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये ती होते. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, त्या युद्धातून परतलेले व्हिक क्लॅपहॅम यांनी ती सुरू केली. पहिली शर्यत २४ मे १९२१ रोजी झाली. ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. साधारणपणे एका वर्षी समुद्रकाठच्या डर्बनहून वर चढत जायचे आणि दुसऱ्या वर्षी उलट दिशेने उतरत यायचे, अशी प्रथा आहे. अंतर सुमारे ८७ ते ९० किलोमीटर भरते. अलीकडच्या वर्षांत भारतातूनही शेकडो हौशी धावपटू या शर्यतीला जात आहेत आणि त्यात मुंबई-पुण्याची मंडळीही असतात.

या शर्यतीचा इतिहास आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. मृत सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या या शर्यतीत पन्नासहून अधिक वर्षे अधिकृत प्रवेश फक्त गोऱ्या पुरुषांना होता. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या महिलेचा अर्ज नाकारण्यात आला. तरीही त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत त्यांनी शर्यत पूर्ण केली. पदक मिळाले नाही. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हे कृष्णवर्णीय धावपटू असेच अनधिकृतपणे धावले आणि साडेनऊ तासांत पोहोचले. त्यांचे नाव अधिकृत निकालात आले नाही. १९७५ साली, म्हणजे पन्नासाव्या शर्यतीच्या वेळी, महिलांना आणि सर्व वर्णांच्या धावपटूंना अधिकृत प्रवेश मिळाला. देशात वर्णभेदाचे कायदे त्या वेळीही चालूच होते. १९८९ साली सॅम त्शाबालाला हे ही शर्यत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय धावपटू ठरले. आणि २०१९ पासून जे धावपटू नऊ ते दहा तासांत शर्यत पूर्ण करतात, त्यांना 'रॉबर्ट म्त्शाली' यांच्या नावाचे पदक दिले जाते. ज्या माणसाला पदक नाकारले गेले, त्याच्याच नावाचे पदक ८४ वर्षांनंतर निघाले. पाणवठ्यावर आणि शाळेच्या दाराशी अडविले गेलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता तयारीकडे वळू. आम्ही बँकेत आकडेमोड करणारे, म्हणून आधी हिशोब मांडतो. शर्यत पूर्ण करण्यास बारा तासांची मुदत असते. बारा तास पूर्ण होताच बंदुकीचा बार होतो आणि त्यानंतर एक पाऊल मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही. ९० किलोमीटर आणि ७२० मिनिटे, म्हणजे एका किलोमीटरला आठ मिनिटे. हा वेग मंद आहे. निरोगी तरुण एक किलोमीटर याहून पुष्कळ लवकर धावतो. जो धावपटू एका किलोमीटरला सात मिनिटे घेईल, त्याला ६३० मिनिटे लागतील आणि पाणी पिणे, खाणे, चढावर चालणे यांसाठी दीड तास हाती उरेल. तेव्हा खरा प्रश्न वेगाचा नसून तोच मंद वेग दिवसभर टिकविण्याचा आहे.

हे टिकणे एका महिन्यात साधत नाही. धावण्याने हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, दम वाढतो. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. नवशिक्याची फसगत येथेच होते. दम वाढला म्हणून तो एकदम अंतर वाढवितो आणि नडगी, गुडघा किंवा टाच दुखावून बसतो. सबब जाणकार असे सांगतात की, प्रथम वर्षभर नियमित धावावे, अर्धमॅरेथॉन व मग मॅरेथॉन पूर्ण करावी आणि त्यानंतरच अल्ट्रामॅरेथॉनचा विचार करावा. कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठीही ठरावीक मुदतीत मॅरेथॉन पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा लागतो.

शेवटच्या सहा महिन्यांचा सराव साधारणपणे असा असतो. आठवड्यातून चार-पाच दिवस धावणे. त्यातील एक दिवस, बहुधा रविवारी, लांब पल्ल्याची धाव. एक दिवस चढ-उताराचा सराव, कारण उतारावर मांडीच्या पुढील स्नायूंवर फार ताण येतो आणि सवय नसलेले पाय शेवटच्या टप्प्यात निकामी होतात. एक-दोन दिवस उठाबशांसारखे ताकदीचे व्यायाम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवीत न्यायचे, पण दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा ते मुद्दाम कमी करायचे. बहुतांश धाव इतकी सावकाश असावी की सोबत्याशी बोलता यावे. सरावात पूर्ण ९० किलोमीटर सहसा कोणी धावत नाही. शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी ५०-६० किलोमीटरची एक धाव पुरेशी मानतात. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करीत जायचा, म्हणजे शरीराची झीज भरून निघते.

सावकाश धावण्यामागे शास्त्र आहे. आपले शरीर साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. जोरात धावल्यास हा साठा दोन तासांच्या आसपास संपत येतो. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसातही भरपूर असतो आणि मंद वेगात शरीर चरबीचा वापर अधिक प्रमाणात करते. तरीही बारा तास उपाशीपोटी धावता येत नाही. ताशी सुमारे ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जावी लागते. त्यासाठी महागडी पाकिटेच हवीत असे नाही. केळी, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे पदार्थ चालतात. कॉम्रेड्सच्या वाटेवरही बटाटे आणि केळी दिली जातात. मात्र जे शर्यतीत खायचे, ते आधी सरावात खाऊन पाहावे.

पाण्याविषयी एक गैरसमज आहे. जितके अधिक प्यावे तितके चांगले, असे अनेकांना वाटते. दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञ टिम नोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली चार खेळाडूंची उदाहरणे प्रसिद्ध केली. दीर्घ श्रमाच्या वेळी अतिरेकी पाणी प्यायल्याने त्यांच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. डोकेदुखी, ओकारी, भ्रम आणि झटके ही त्याची लक्षणे होत. म्हणून तहान लागेल त्या प्रमाणात पाणी प्यावे. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावू नये, कारण त्या अवस्थेत मूत्रपिंडावर दुष्परिणाम होऊ शकतो. छातीत दुखणे, भोवळ येणे, लघवीचा रंग काळपट होणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबून डॉक्टरांकडे जावे.

हे सर्व वाचताना आम्हाला सोण कोळिवीस या भिक्खूची कथा वारंवार आठवली. हा चंपा नगरीतील धनिकाचा सुकुमार मुलगा होता. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की पायांतून रक्त वाहू लागले, आणि तरीही मन मुक्त होईना म्हणून तो निराश झाला. तथागतांनी त्याला तो गृहस्थाश्रमात वाजवीत असलेल्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर ती नीट वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. वीर्याचेही, म्हणजे प्रयत्नाचेही, तसेच आहे. पुढे तथागतांनी त्याला पायांत वहाणा घालण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. सर्व संघाला मिळाली तरच आपण वापरू, असे तो म्हणाला, आणि ती अनुज्ञा सर्वांना मिळाली. प्रयत्नाचा समतोल आणि सवलतीची समता या दोन्ही गोष्टी या एकाच कथेत आहेत.

आमच्या मुद्द्याचा रोख आपल्या विद्यार्थ्यांकडे आहे. आपल्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करतात. जाहिरात निघाली की महिनाभर जिवाचे रान करायचे आणि इतर वेळी मैदानाचे तोंड पाहायचे नाही, अशी पद्धत सर्रास दिसते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्या तरुणांना आम्ही दोष देत नाही. पोटासाठी धावणाऱ्याला थांबण्याचा सल्ला कोणी दिलेला नसतो. म्हणूनच तो सल्ला घरातील व मंडळातील वडीलधाऱ्यांनी द्यावयास हवा. भरतीच्या सहा-आठ महिने आधी सराव सुरू करा, आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्या, उन्हात चाचणी असल्यास उन्हाची सवय हळूहळू लावा, आजारपणात धावू नका. आणि सोणाप्रमाणे, एकाजवळ चांगले बूट व मार्गदर्शन असेल तर ते इतरांनाही कसे मिळेल ते पाहा. मंडळाने पहाटेचा एक सराव गट चालविला आणि वर्षातून एकदा मुलामुलींची वैद्यकीय तपासणी करविली, तर त्यास फार खर्च येणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला आरंभरेषेवर उभे राहण्याचा हक्क मिळवून दिला. रॉबर्ट म्त्शालींना तो त्यांच्या शर्यतीत मिळाला नव्हता. त्या रेषेपासून पुढचे अंतर मात्र आपल्यालाच, रोज थोडे थोडे, कापावयाचे आहे. परीक्षेचा अभ्यास असो वा मैदानावरील सराव, दोन्हींना हाच नियम लागू आहे. विद्यार्थी मित्रांनी तो आजपासून अंगी बाणवावा, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!