भस्म्या, खादाडपणा की आजार?

औरंगपुऱ्यातली अभ्यासिका रात्री सुटते तेव्हा मेस कधीच बंद झालेली असते. मग कुणी मंचुरियनच्या गाड्यावर थांबतं, कुणी खोलीवर मॅगी शिजवतं. एखादा मात्र पोट तुडुंब भरल्यावरही थांबू शकत नाही. मित्र चिडवतात, ‘भस्म्या झालाय याला!’ छत्रपती संभाजीनगरात गावोगावहून शिकायला आलेल्या मुलामुलींच्या खाण्यावर आणि वजनावर असे शेरे सहज मारले जातात. त्यांतले बरेच चुकीचे असतात.

गैरसमज : खूप खाल्लं म्हणजे व्यसन लागलं.

वस्तुस्थिती : येल विद्यापीठातल्या ॲश्ली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये खाण्याच्या व्यसनाची प्रश्नावली तयार केली. किती खाल्लं यापेक्षा ताबा सुटतो का, कमी करायचे प्रयत्न फसतात का, त्रास होत असूनही खाणं चालू राहतं का, हे ती विचारते. मात्र ‘अन्नाचं व्यसन’ हा अजून अधिकृत, स्वतंत्र आजार नाही. ताबा सुटून वारंवार अतोनात खाणं याला मात्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत २०१३ पासून स्वतंत्र आजाराचं स्थान आहे.

गैरसमज : अंगानं बारीक म्हणजे तब्येत ठणठणीत.

वस्तुस्थिती : हे खरं नाही, याचा पुरावा पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरातून दिला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानतात. कंबरेचा घेरही मोजावा लागतो : पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक.

गैरसमज : रात्री जास्त झालं, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहावं.

वस्तुस्थिती : यानं उपाशी राहणं आणि मग अति खाणं हे चक्र आणखी घट्ट होतं. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं. पुढे पोटभर मिळायला लागलं तरी काहींचं समाधान होईना.

गैरसमज : मनाचा निग्रह नाही, एवढंच कारण.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न. ताटात वाढलेली साखर, मीठ, चरबी सारखीच, आणि हवं तितकं खायची मुभा. तरी पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. जागरणाचाही वाटा असतोच. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक चढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन उतरतं.

त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी खाण्यावरचा ताबा सुटत असेल, महिनोन्‌महिने तसंच चाललं असेल आणि नंतर अपराधी वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही.